मधली आई

रविवारी दुपारी बगळ्यानं माझ्या हातात मुलींची यादी ठेवली आणि तिसऱ्या नावावर माझी नजर थिजली. सोल्वे टॉर्गर्सन, वय नऊ. बगळा म्हणजे आमच्या चर्चच्या उन्हाळी शिबिराचे प्रमुख, पाळक. शिबिरात आम्ही सगळी मोठी माणसं पक्ष्यांच्या नावानं वावरतो. खरी नावं शुक्रवारच्या शेकोटीला सांगायची, तोवर पोरांनी ती ओळखत बसायची, ही या तळ्यावरची जुनी रीत. मी टिटवी, मुलींच्या एका केबिनची काउन्सेलर, म्हणजे आठवडाभर त्यांच्याबरोबर राहून त्यांना सांभाळणारी. हे नाव मी निवडलेलं नाही, पहिल्याच वर्षी माझा आवाज ऐकून पोरांनी ठेवलं.

त्याच वेळी मी बगळ्याला सांगायला हवं होतं की ही मुलगी माझ्या केबिनमध्ये नको. का, असं त्यांनी विचारलं असतं, तर तेही सांगायला हवं होतं. सात महिन्यांची असल्यापासून तिसऱ्या वाढदिवसाला सोळा दिवस उरले होते तोवर या मुलीला मी वाढवलं. त्याऐवजी मी यादीची घडी घालून खिशात टाकली आणि दोन उशा कमी पडताहेत अशी कुरकुर केली.

आता सुरुवात केलीच आहे तर खोटं कशाला बोलू. तीन उन्हाळे मी इथं फुकट राबते आहे, ते निव्वळ देवासाठी नाही. सोल्वेचा बाप लायल लहानपणी याच शिबिरात यायचा, त्याचा बापही यायचा. टॉर्गर्सनांची पोरं नऊ वर्षांची झाली की या तळ्यावर येतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून ती सात वर्षांची असतानाच मी अर्ज केला. ऐन वेळी उगवलेल्या बाईकडे लोक निरखून बघतात, तिसऱ्या वर्षी कुणी ढुंकून बघत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी असल्यानं उन्हाळा मला मोकळाच असतो. आठही आठवड्यांना मी नाव घालायचे आणि दर रविवारी यादी वाचायचे.

लायलची पहिली बायको बाळंतपणातच गेली. मी तेव्हा त्याच्या शेजारी राहायचे. आधी बाळ सांभाळायला जायला लागले, मग तीन महिन्यांनी आमचं लग्नच झालं. गावानं नाकं मुरडली, मुरडू दे म्हटलं. पण माझ्या जिभेला हाड नाही आणि लायल रागावला की चार-चार दिवस तोंड उघडत नाही. अशा दोन माणसांचं जितके दिवस चालायचं तितके दिवस चाललं. दत्तक घेण्याचे कागद करायचे होते. या वसंतात करू, पुढच्या वसंतात करू, असं म्हणता म्हणता राहून गेले. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा वकिलीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, कायद्याच्या दृष्टीनं तुमचं तिच्याशी काहीही नातं नाही. लायल तिला घेऊन दोन जिल्हे पलीकडे गेला. तोडायचं तर एकदम तोडलेलं पोरीला बरं, असं त्याचं म्हणणं. दीड वर्षानं त्यानं जेनाशी लग्न केलं. मी पाठवलेली वाढदिवसाची तीन पाकिटं न उघडता परत आली, तेव्हा मी पाठवायचं थांबवलं.

मला काय हवं होतं ते सांगते. तिनं मला ओळखावं, एवढंच. आणि तिनं ओळखलं तर काय होईल हेही मला दिसत होतं. ती घरी जाऊन सांगेल, लायल बगळ्याला फोन करेल, मला हाकलतील आणि पोरगी पुन्हा या तळ्यावर यायची नाही. एकाच वेळी दोन्ही मनात घेऊन मी केबिनच्या पायरीवर उभी राहिले आणि चर्चची बस आली.

ती उतरली. पाय लांब झालेले, पुढचा एक दात जरा वाकडा. कान मात्र तेच, बाहेर आलेले. मी पेनानं यादीवर खूण केली आणि म्हटलं, "खालचा पलंग की वरचा?"

"वरचा," ती म्हणाली. "तू घोरतेस का? आमच्या चर्चमधल्या एका मुलीची काउन्सेलर घोरायची."

"मी झोपेत ओरडते," मी म्हटलं. "म्हणून तर टिटवी."

ती हसली. तिच्यासाठी मी दुसऱ्या कुणासारखीच एक पिकल्या केसांची बाई होते.

केबिनमध्ये सात मुली, मी, आणि माझ्या जोडीला खंड्या. खंड्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेली पोरगी, हुशार आणि आगाऊ. तळ्यात पोहताना प्रत्येकीला जोडीदारीण हवी, हा नियम. दर दहा मिनिटांनी काठावरून शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की असाल तिथं थांबायचं, जोडीदारणीचा हात धरायचा आणि दोघींचे हात वर करायचे, म्हणजे कुणी बुडालं नाही हे मोजता येतं. सात मुलींत एक उरणारच. जोड्या लावायचं काम माझ्याकडे होतं आणि उरलेली सोल्वे असेल अशी व्यवस्था मी केली, म्हणजे तिची जोडीदारीण मीच. शिबिरात पोरांना कवेत घ्यायची बंदी आहे, खांद्याला खांदा लावून एका हातानं थोपटायचं, तेवढंच. शिट्टीवर मात्र हात धरावाच लागतो. त्या आठवड्यात तळ्याचं पाणी गोठवणारं होतं. एरवी मी गुडघ्यापुढं जात नाही, पण रोज गळ्यापर्यंत उतरून शिट्टीची वाट बघत उभी राहायचे.

"ए टिटवी, तुझं नाव बार्बरा आहे का?" पाण्यात ती विचारायची.

"नाही."

"ग्लोरिया?"

"माझं तोंड ग्लोरियासारखं दिसतं?"

"मला माहीत असलेल्या ग्लोरियाला मिशा आहेत," ती म्हणायची, आणि तेवढ्यात शिट्टी वाजायची.

जेवणानंतर टपाल वाटायचं काम असे. आईबाप आठवडाभराची पत्रं आधीच लिहून बसबरोबर पाठवतात, आम्ही रोज एकेक देतो. सोल्वेची सगळी पत्रं जेनाची होती. सोल्वे ती मोठ्यानं वाचून दाखवायची. मांजरानं बाबाच्या बुटात काय केलं, शेजारच्या म्हातारीनं कलिंगडाला स्वेटर कसा घातला. चांगली पत्रं होती. मला त्या बाईचा राग करायचा होता आणि दर दुपारी तो करणं थोडं जड जायला लागलं.

बुधवारी बाप्तिस्म्याचा पाठ होता. त्यासाठी घरून फोटो मागवलेले असतात. व्हरांड्यात गोल करून बसायचं आणि प्रत्येकीनं आपल्या बाप्तिस्म्याची हकिगत सांगायची. कोणत्या चर्चमध्ये, कुणी उचलून धरलं होतं, पाणी पडल्यावर आपण काय केलं. सोल्वेनं बायबलमधून फोटो काढला आणि तो मला ओळखायला अर्धा क्षणसुद्धा लागला नाही. फोटोत लायल आहे, आमच्या गावच्या चर्चचे पाळक आहेत, आणि दहा महिन्यांच्या सोल्वेला घेऊन मी उभी आहे. माझे केस तेव्हा तपकिरी आणि कमरेपर्यंत होते, ते पुढं आलेत. मी बाळाकडे वाकलेय, त्यामुळं चेहऱ्यातली फक्त हनुवटी दिसते.

"ही मी," सोल्वे म्हणाली. "हा बाबा. माझी जन्माची आई तेव्हा देवाघरी गेली होती आणि मम्मी अजून भेटायची होती."

"मग तुला धरलंय कुणी?" दुसऱ्या एकीनं विचारलं.

"चर्चमधली कुणीतरी बाई. बाबा म्हणतो, तेव्हा जे हाताशी होतं त्यानं धरलं."

मी बायबलची पानं उलटायला लागले. कुठलं पान हवं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पहिली आई होती, आताची आई होती, मधे अडीच वर्षं ही पोरगी कुणी वाढवली असेल हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नव्हता.

"आणि मी अजिबात रडले नाही," सोल्वे पुढं सांगत होती. "मम्मी म्हणते, मी शहाणं बाळ होते."

"शहाणं कसलं," माझ्या तोंडून निघून गेलं. "पाळकांचा चष्मा ओढून पाण्यात टाकलास."

सोल्वे माझ्याकडे बघत राहिली. "तुला कसं माहीत?"

आयुष्यभर शाळेतल्या पोरांसमोर काढल्यामुळं माझं डोकं अशा वेळी चालतं. मी फोटो हातात घेतला. "हे बघ. पाळकांच्या नाकावर चष्म्याची खूण आहे, पण चष्मा नाही. डोळे बारीक करून बघताहेत बिचारे. आणि तुझी उजवी बाही कोपरापर्यंत भिजलीय. डोक्यावर पाणी घातल्यावर बाही भिजते होय?"

मुली फोटोवर तुटून पडल्या. खरंच बाही भिजलेली होती. त्या खिदळल्या, टिटवी गुप्तहेर आहे म्हणाल्या. सोल्वे मात्र हसली नाही. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ धरला.

"हे मला कुणी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. "आणखी काय दिसतं यात?"

"बास," मी म्हटलं. "पुढची कोण?"

दुपारी जेवणाची टेबलं पुसायची पाळी आमच्या केबिनची होती. खंड्या माझ्या शेजारी आली, फडका पिळला आणि हळूच म्हणाली की फोटोतल्या बाईची हनुवटी तिनं कुठंतरी पाहिलीय. मी तिला सांगितलं, आपल्या टेबलाकडे लक्ष दे. ती हलली नाही. "मी कुणाला काही सांगणार नाही," ती म्हणाली, "पण शुक्रवारी तुला नाव सांगावं लागेल. तेव्हा काय करशील?"

तोच विचार मी रविवारपासून करत होते. नाव खोटं सांगायचं तर सहज जमलं असतं, शेकोटीपाशी कुणी ओळखपत्र मागत नाही. खरं सांगितलं तर ती घरी घेऊन जाईल. मारिट हे नाव आमच्या भागात काही रस्तोरस्ती नसतं. गुरुवारी दिवसभर मी बार्बरा होऊन बघितलं. पाण्यात सोल्वेचा हात धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, बार्बरा, बार्बरा. ते मला पचेना. तिनं निदान एकदा माझं नाव घ्यावं, भले मग काहीही होवो, अशी मला अक्षरशः तहान लागली होती.

शुक्रवारी शेकोटीच्या वेळी अजून लख्ख उजेड होता. गाणी झाली, मग आशीर्वाद. आम्ही तळ्याच्या पाण्यात बोट बुडवून प्रत्येक मुलीच्या कपाळावर क्रूस काढतो. मग एकेका पक्ष्यानं उभं राहून नाव सांगायचं. माझी पाळी आली. मी उभी राहिले.

"मारिट," मी म्हटलं. "मारिट ओस्टबी."

मी सोल्वेकडेच बघत होते. ते नाव तिच्यापर्यंत पोचलेलं मला दिसलं. तिनं ते तोंडात घोळवलं. आता कळेल, आता काहीतरी हलेल, असं मला वाटलं.

"मारिट," ती शेजारणीला म्हणाली. "छान आहे. ग्लोरियापेक्षा बरंच बरं."

आणि ती मार्शमेलो भाजायला गेली. सहा दिवस मी ज्या नावाचा धसका घेतला होता, ते तिच्या घरात कुणी कधी उच्चारलंच नव्हतं. उघड झाले असते, बोलणी बसली असती, हाकलून दिलं असतं, तरी मला इतकं लागलं नसतं. खंड्यानं खांद्याला खांदा लावून एका हातानं मला थोपटलं, नियमात बसेल तसं.

शनिवारी सकाळी समारोपाच्या उपासनेला पालक येतात. लायल येईल म्हणून मी तयार होते, म्हणजे अजिबात तयार नव्हते. पण आली ती जेना. ठेंगणी, उन्हानं नाक सोललेली, हातात गाडीच्या किल्ल्या. सोल्वे तिच्या गळ्यात पडली आणि तिचा हात ओढत माझ्यापर्यंत आली. मुलगी ताब्यात मिळाली अशी सही पालकानं काउन्सेलरसमोर करायची असते. मी कागद लावलेला पुठ्ठा पुढं केला.

"मम्मी, ही टिटवी. आणि तुला माहीत आहे, मी पाळकांचा चष्मा पाण्यात टाकला होता. फोटोत दिसतं ते. टिटवीनं शोधून काढलं. तिचं खरं नाव मारिट आहे."

जेनाचं पेन कागदावर थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आधी केसांकडे आणि मग हनुवटीकडे. तिला ते नाव माहीत होतं. म्हणजे त्या घरात एका माणसाला तरी माहीत होतं.

"सोल्वे," ती म्हणाली, "तुझी पथारी कुठाय?"

"वर, केबिनमध्ये. अजून गुंडाळायचीय."

"जा, गुंडाळ. नीट गुंडाळ, घाई नको."

सोल्वे पळत गेली. खंड्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्या मागोमाग गेली. पथारी गुंडाळायला फार तर पाच मिनिटं लागतात. मी ओरडा खायच्या तयारीनं उभी राहिले. माझ्याकडेही उत्तरं होती, सहा वर्षं साठवलेली.

"फोटो मीच पाठवला," जेना म्हणाली. "लायल नको म्हणत होता. बाप्तिस्म्याचा दुसरा फोटोच नाही." मग तिनं सही पुरी केली आणि पेन परत दिलं नाही. "तुम्हाला एक विचारू? ती मला सारखी विचारते. मी कधी चालले, आधी कुठं पडले, काय खायचे. लायलला विचारलं की तो उठून गॅरेजमध्ये जातो. मग मी काहीतरी बनवून सांगते. शहाणं बाळ होतीस म्हणते. आता ती मोठी झालीय, तिला कळतं मी बनवते ते."

मला म्हणायचं होतं, मग मला सांगू दे ना तिला, मीच सांगते, इथं समोर बसवून. ते शब्द दातांपर्यंत आले होते. पण जेनाच्या डोळ्यांत मला भीती दिसली. ती भीती मला परकी नव्हती. माझ्याकडून कुणीतरी पोर नेईल, ही भीती घेऊन मी एक अख्खा हिवाळा काढला होता.

"लिहून घ्या," मी म्हटलं. "लक्षात राहायचं नाही."

तिनं शिबिराचं वेळापत्रक उलटं केलं. मी सांगत गेले. तेराव्या महिन्यात चालली, फ्रिजपासून कुत्र्यापर्यंत, आणि पोचल्यावर कुत्र्याचा कान चावली. डाव्या कानामागचा व्रण दारात पडल्याचा, दोन टाके, डॉक्टरच्या हातातली कात्री ती सोडेना. कान सारखे दुखायचे, तेव्हा स्वयंपाकघरातला पंखा लावून त्याच्या आवाजात झोपायची. वाटाणे एकेक करून खायची आणि प्रत्येकाला बाय करायची. झाडूच्या यंत्राला भ्यायची. बर्फ पहिल्यांदा हातात दिला तेव्हा तिनं तो परत माझ्या हातात ठेवला. जेना भराभर लिहीत होती, अक्षर वाकडंतिकडं.

"नीट लिहा," मी खेकसले. "वाटाण्याचं राहिलं."

"लिहिलंय." तिनं नाक पुसलं. "हे मी माझं म्हणून सांगितलं तर चालेल?"

"दुसरं कुणाचं म्हणून सांगणार?"

केबिनच्या दारात सोल्वे दिसली. पथारी नीट गुंडाळलेली नव्हती, मागं लोळत येत होती.

"एकच शेवटचं," जेना घाईनं म्हणाली. "पहिला शब्द कोणता?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

तिनं कागद दुमडून खिशात ठेवला. सोल्वेनं माझ्या दंडाला आपला खांदा लावला, पुढच्या वर्षी आहेस ना म्हणून विचारलं, आणि उत्तराला थांबलीच नाही. पुढच्या वर्षी पोरीला पाठवाल का, हे मला जेनाला विचारायचं होतं. ती गाडीचं दार उघडून माझ्याकडे बघत क्षणभर उभी राहिली, आणि मग म्हणाली की पुढच्या वर्षीही तिचं नाव याच आठवड्याला घालू. गाडी पाइनच्या झाडांमागं वळेपर्यंत मी हात वर करून उभी होते.

पहिला शब्द मला आठवतो. मार्च महिना होता, बाहेर गुडघाभर बर्फ. मी कोळशाची राख टाकून आत आले होते, दारात वाकून बूट काढत होते. ती पाळण्याची कड धरून उभी राहिली, माझ्याकडे दोन्ही हात केले आणि म्हणाली. मला वाटलं भास झाला, तर पुन्हा म्हणाली. ती "मम्मा" म्हणाली होती, आणि घरात तेव्हा आम्ही दोघीच होतो.